जयमालाचे डोळे

चौथ्या वेळी जयमालाचे डोळे घारे निघाले.

"अब्बा, अब बस करो," अलफिया म्हणाली. कंप्युटरसमोर बसून तिची मान अवघडली होती. "ये किसी और की बच्ची है."

अन्वरने लेकीच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पडद्यावर नऊ वर्षांची मुलगी पिवळ्या झग्यात दात दाखवून हसत होती. धाड गावच्या बाजारपेठेतल्या त्याच्या स्टुडिओत हल्ली हाच धंदा जोरात होता. काळे-पांढरे जुने फोटो यायचे, त्याची लेक ते एआयच्या हवाली करायची, आणि अर्ध्या मिनिटात पागोटी लाल, लुगडी हिरवी होऊन बाहेर पडायची. जन्मभर उन्हात राबून कोळसा झालेले रामरावसुद्धा त्यातून गोरेपान नवरदेव होऊन निघाले. तो फोटो पाहूनच त्यांच्या शेजारच्या झुंबरबाई गेल्या बाजाराच्या दिवशी लेकीचा फोटो पदरात गुंडाळून घेऊन आल्या होत्या.

"माह्या डोयापुढं आता अंधार पडून राह्यला," त्या म्हणाल्या होत्या. "पार दिसनं बंद व्हायच्या आंधी एकडाव तिचा पिवळा झगा पाहाचा हाये मले. एवढा एकच फोटो हाये बाप्पा, सांभाळजो."

सांभाळजो! फोटोवर बुरशी आली होती. अन्वरने ओल्या कापसाने ती पुसली. सारा जन्म या धंद्यात गेला आणि तरी ही चूक केली. कापसाच्या बोळ्यावर काळा रंग आला, पोरीच्या खांद्यावर कुणाची तरी बोटं उघडी पडली, आणि फोटोतल्या जयमालाने डोळे मिटले.

मग त्याला सगळं आठवलं. चाळीस वर्षांपूर्वी झुंबरबाईंचे यजमान तुळशीराम त्याला बोलवायला धावत आले होते. पोरगी तापाने सकाळीच गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. झुंबरबाई बाळंतपणासाठी बुलढाण्याच्या दवाखान्यात. विशीतल्या अन्वरने पोरीला खुर्चीत बसवलं, तुळशीरामांनी मागून खांदे धरले. तेव्हा असे फोटो काढत, आणि नंतर बारीक ब्रशने कागदावर डोळे उघडत. अन्वरनेही उघडले. तुळशीरामांची बोटंही रंगाखाली झाकली.

"बायकोले सांगू नको," तुळशीराम म्हणाले होते. "शायेत मास्तरनं काढला म्हनतो मी."

झुंबरबाई परतल्या तोवर लेकीला माती देऊन झाली होती. चाळीस वर्षं ती बाई अन्वरने रंगवलेल्या डोळ्यांकडे पाहत जगली, आणि तो मात्र सगळं साफ विसरून गेला होता. अशी कामं त्याने किती केली, कुणाकुणाला लक्षात ठेवणार? पण मनाला असं समजावूनही त्याला बरं वाटेना. पुन्हा ब्रश धरून पाहिला, तर हात लटलट कापायला लागला. म्हणून मग एआय. ते डोळे आनंदाने उघडून देत होतं, पण दर वेळी निराळ्याच मुलीचे.

झुंबरबाई दुपारी आल्या. अन्वरने त्यातल्या त्यात बरा निघालेला रंगीत फोटो पुढे केला. तो अगदी नाकाशी धरून त्यांनी पाहिला.

"हाव, झगा अस्साच होता." त्यांचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू उतरला. "पन हे पोरगी कोन हाये?"

"जयमालाच हो मावशी. मशीननं जरासं..."

"माही जयी अशी हासे नाही. पुढचा दात पडेल होता तिचा, तोंड मिटून हासे. माहा जुना फोटो दे."

फोटो पाण्यात पडला, हे खोटं अन्वरच्या जिभेवर तयार होतं. पण त्याने खण उघडला आणि फोटो त्यांच्या हातात दिला.

"मावशी, ते डोये म्या रंगवेल होते. फोटो काढला तवा जयमाला गेली होती. काकांनी सांगू नको म्हनलं होतं."

झुंबरबाई फोटो घेऊन दारातल्या उजेडात गेल्या. त्यांनी शिव्याशाप द्यावेत, निदान रडावं, असं अन्वरला मनापासून वाटत होतं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"मंग जाताना अशी दिसत होती?"

"हाव."

"मले कोनी दाखवलीच नाही." त्यांचं बोट खांद्याशी थांबलं. "हे बोटं त्यायचेच ना? मरेपर्यंत एकटेच घेऊन बसले बाप्पा."

"मी पुन्यांदा डोये रंगवून देतो, मावशी. हात कापते, पन देतो."

"नको," त्या म्हणाल्या. "झोपू दे तिले."

त्यांनी फोटो पदरात घेतला आणि रस्ता ओलांडून गावाकडच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. रंगीत फोटो टेबलावरच राहिला. जीप भरायला वेळ होता आणि ऊन थेट त्यांच्या मांडीवर येत होतं. अन्वर दारातून पाहत होता. जीप हलेपर्यंत झुंबरबाई फोटोवर हाताची सावली धरून बसल्या होत्या.