दाराचा रंग

घरात त्याला सगळे मास्तर म्हणत. शिकवण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो छापखान्यात कागदांचे गठ्ठे सरळ लावायचा. पण कोणी चुकीचं बोललं की ते सुधारून दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. ताई "आत्ता येते" म्हणून उशिरा आली, तर "ते आत्ता नव्हतं," एवढं ऐकवूनच तो जेवायला बसायचा. डॉक्टर त्याला स्वमग्न म्हणत, आई हट्टी म्हणे, आणि मायलेकांचं छान चाललं होतं.

आई गेली आणि मास्तरचं बोलणं आटलं. तो जखम होईपर्यंत स्वतःचं मनगट चावू लागला. कामावरून आला की आईच्या खोलीसमोर हात उचलून उभा राही आणि तसाच मागे फिरे. ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. ते सोडून त्याच्यावर लक्ष ठेवणं तिला जमेना. शेवटी अशा मोठ्या माणसांना कायमचं ठेवून घेणाऱ्या एका संस्थेत तिने जागा विचारून ठेवली. महिनाअखेरीस हो की नाही ते कळवायचं होतं.

तोवर ती त्याला चित्रवाल्या बाईंकडे नेत होती. चित्रांच्या वाटेने मनाला आधार द्यायचा, हे या बाईंचं काम. त्यांच्या खोलीत पंखासुद्धा बंद असे, कारण त्याच्या घरघरीने तिथे येणाऱ्या काहींचा जीव कासावीस होई. 'हे काय काढलंस?' असं त्या कधी विचारत नसत. एवढंच म्हणत, "झालं की अजून?"

मास्तरचं उत्तर ठरलेलं. "अजून." कागदभर एकच राखाडी फासायचा, बघायचा, बाजूला ठेवायचा, पुन्हा कालवायला घ्यायचा.

"बाई, झाड नाही, घर नाही, नुसता चिखल," ताई एकदा वैतागून म्हणाली. "मग मी याला आणतेय तरी कशाला?"

"इथे तो मनगट चावत नाही. बघितलंत का?"

ताईने बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून ती बघू लागली.

पुढच्या खेपेला मास्तरने राखाडीत थोडा हिरवा कालवला, कागदावर जाड थर दिला आणि त्यावर तळवा टेकवून उभा राहिला. हात पुसायला ताई जवळ गेली आणि फडकं तिच्या हातातच राहिलं. कापडाच्या रंगाला धागा जुळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि इतके दिवस तिला त्या रंगात चिखल दिसत होता.

"हा आईच्या दाराचा रंग ना रे?"

"पिवळं जास्त झालंय," मास्तर म्हणाला.

आई होती तेव्हा कामावरून आला की तो त्या दाराला तळवा लावायचा आणि आतून आई विचारायची, "आलास?" आई गेल्यावर, तो छापखान्यात असताना, ताईने ते दार पांढरं करून घेतलं होतं.

"मला वाटलं, घर जरा उजळेल," ती बाईंना म्हणाली. "त्याला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

बाईंनी निळ्याची बाटली मास्तरपुढे सरकवली. त्या बैठकीच्या शेवटी तो पहिल्यांदा म्हणाला, "झालं."

तो कागद घेऊन दोघं रंगाच्या दुकानात गेली. दुकानदाराने कालवलेले डबे मास्तर नाकारत राहिला.

"अहो, एवढा फरक कोणाला दिसतो?"

"मला."

सुट्टीच्या दिवशी भावाबहिणीने मिळून दार रंगवलं.

रंग वाळला त्या संध्याकाळी ताई दुकान लवकर बंद करून आईच्या खोलीत बसली. बाहेर पावलं थांबली. दारावर तळवा टेकल्याचा मऊ आवाज झाला. 'आलास?' तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. 'तू आई नाहीस,' असं तो सुधारून देईल, याची तिला खात्री होती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"तू आत आहेस," मास्तर म्हणाला.

"हो."

"मग विचारायचं."

"आलास?" ताईने विचारलं.

"आता मी आत आलोय. उद्यापासून विचार."

त्याच्या मनगटावरची पट्टी अजून निघाली नव्हती. ताईने ती बदलली, त्याला वाढलं, आणि तो जेवत असतानाच संस्थेला फोन लावून जागा नको म्हणून सांगितलं.