डावीकडची दाढ

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात अकरा माणसं होती, त्यातली चार घरची. बाबांनी धंदा उभा केला आणि हात थरथरायला लागले तशी दारालगतची खुर्ची धरली. भाऊ दातांच्या डॉक्टरांकडे हिंडून, गोडीगुलाबीने कामं आणायचा. धाकटा मागच्या खोलीत यंत्रावर कवळ्या घासून चकचकीत करायचा. आणि मेणात दात बसवणं, रंग जुळवणं, वरचे दात खालच्यांवर नेमके टेकतात की नाही ते पाहणं, म्हणजे खरं काम, ते ताईचं. एकोणिसाव्या वर्षी ती त्या टेबलाशी बसली, आता पन्नाशी उलटली होती. लग्नाचं वय तिथेच बसल्या बसल्या निघून गेलं. कुणी अडवलं नाही, पण कुणी विषयही काढला नाही.

एका मोठ्या कंपनीने हा धंदा आपल्यात सामावून घ्यायची तयारी दाखवली आणि आधी आपला सल्लागार पाठवला. बारीक आवाजाचा, नको तितका नम्र माणूस. त्याने चौघांना पॅकिंगच्या टेबलाभोवती बसवलं आणि कोरे कागद वाटले.

"आपली बलस्थानं लिहा, कच्चे दुवे लिहा. स्वतःचं नाव घालू नका. मोकळेपणाने लिहा, कुणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही."

असं म्हणणारा माणूस वाईट वाटण्याजोगं काहीतरी सोबत घेऊनच आलेला असतो. पण ताईला उलट बरंच वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. बलस्थान म्हणून तिने लिहिलं, 'कामातली अचूकता'. कच्चा दुवा म्हणून 'मागची खोली', आणि कुणाला शंका राहू नये म्हणून खाली जाड रेघ ओढली.

सल्लागाराने कागद गोळा केले आणि एकेक वाचायला घेतला.

"'ताई आजारी पडली तर सगळं ठप्प.'" त्याने मान वर केली. "हे बलस्थान म्हणायचं की कच्चा दुवा?"

"बलस्थानच की," ताई म्हणाली. तिला हसू आवरलं नाही.

"नाही हो," तो हळुवारपणे म्हणाला. "ज्याच्यावाचून अडतं, तोच संस्थेचा सगळ्यात कच्चा दुवा."

भाऊने लगेच मान डोलावली. इतकी लगेच, की हे त्याने आधी कुठेतरी ऐकलेलं होतं हे ताईच्या लक्षात आलं. सल्लागार पुढचा कागद वाचत होता.

"'ती कुणाला शिकू देत नाही. मी बसवलेले दात तिने अठरा वर्षं गरम पाण्यात टाकून उखडले. त्यातले निम्मे बरोबर होते. तिला ते माहीत होतं.'"

धाकटा आपली नखं बघत बसला होता. अक्षर ओळखायची गरजच नव्हती.

आणि ते खरं होतं, हीच तर पंचाईत. पहिल्याच वर्षी त्याने समोरच्या सहा दातांची ओळ अशी बसवली होती की ताई बघतच राहिली. मग तिने तो साचा उचलला, गरम पाण्यात सोडला आणि म्हणाली, "परत कर." पुढे त्याची सवय झाली. तिलाही आणि त्यालाही.

"साफ खोटं आहे हे," ती म्हणाली.

"खोटं कसं?" खुर्चीतून बाबा बोलले. "मी बघत होतो ना."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा तू कामाची होतीस."

एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

ताईवाचून खरंच अडतं का ते बघायला ठरलं असं की धाकट्याने एक अख्खी कवळी एकट्याने करायची. ताईने टेबलाकडे फिरकायचंसुद्धा नाही. करायची कुणाची, असा प्रश्न आला तेव्हा बाबा म्हणाले, "माझीच करा. तोंड हाताशी आहे." त्यांच्या तोंडातली कवळी ताईनेच केलेली होती. सफरचंद कचाकचा चावता येईल अशी.

बारा दिवस धाकटा त्या टेबलाशी बसला आणि ताईने खोकी बांधली. बाराव्या दिवशी तो दोन्ही हातांत साचा धरून तिच्याकडे आला. शाळेचा निकाल दाखवायला यावं तसा.

"ताई, एकदा बघ ना. तू लिहिलंस ते मी विसरलो. मी लिहिलं ते तूही विसर."

तिने वरच्या-खालच्या दातांमध्ये निळा कागद धरला आणि साचा दोनदा टकटक मिटवला. सगळीकडे फिके ठिपके उमटले. डावीकडच्या मागच्या दाढेवर मात्र एकच, गडद. दाढ उंच होती, केसभरच असेल, पण उंच. दोन मिनिटांचं घासकाम. निळ्या कागदाची ही भाषा तिने त्याला कधी शिकवली नव्हती.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

तिने अंगठ्याने तो ठिपका पुसून टाकला.

"झकास झालीय. आता मुळीच हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बाबांनी कवळी घातली आणि तोंड मिटलं. त्यांच्या डाव्या डोळ्यात टचकन पाणी आलं. ताई वाट बघत होती, आता थुंकतील, आता धाकट्याला फाडून खातील. पण बाबांनी धाकट्याकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस. कुठे टोचतंय ते त्यांना कळलं, आणि हे तिला आधीच दिसलं होतं, तेही कळलं.

मग ते सगळे दात दाखवून हसले.

"इतकी सुखाची कवळी आजवर मला कुणी करून दिली नव्हती."

धाकटा लहान मुलासारखा रडला. सल्लागाराने वहीत काहीतरी टिपलं.

कंपनीने धंदा घेतला. धाकटा टेबलाचा प्रमुख झाला, भाऊला गाडी मिळाली. ताईला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवण्यात आलं. आभाराच्या भाषणात भाऊने तिचं वयही चुकीचं सांगितलं, दोन वर्षांनी जास्त.

घरात आता दिवसभर ती आणि बाबा. ते पातळ खायला लागले. गाल बसले, हिरडीवर जखम झाली, ती बरी होईना. एका दुपारी ते कवळी हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. बोळक्या तोंडाने म्हणाले, "डावीकडे जरा घासून दे. हत्यारं आहेत ना तुझी?"

"आहेत."

"मग दे ना."

"ज्याने केली त्याला सांगा."

"त्याला कसं सांगू? कायमचा खचेल तो."

"आणि मी?"

बाबांनी यावर विचार केला. खरंच केला; तिला ते दिसत होतं.

"तू काही खचायची नाहीस," ते म्हणाले. "म्हणून तर तुझ्याशी असा वागत आलो."

जिन्यावर धाकट्याची पावलं वाजली. बाबांनी घाईघाईने कवळी तोंडात बसवली. दार उघडताच तो म्हणाला, "काय बाबा, त्रास नाही ना काही?"

"छे रे."

ताईने सफरचंद घेतलं, साल न काढता जाड फोडी केल्या आणि बशी बाबांसमोर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "त्यालाही बघू दे."

धाकटा खुर्ची ओढून समोर बसला. बाबांनी एक फोड उचलली.