बिननावाचा खांब

पोर दवाखान्यात तापाने फणफणतेय आणि तिची आई कॉम्प्युटरला चिकटून बसलीय, असली सून मी जन्मात पाहिली नाही. चहा दिला, तो साय धरून पडला. चिमीच्या उशाशी माझा लेक, आणि ही इथे पडद्यावर आलेखाचे खांब काढतेय.

"पोरीपेक्षा खांब जड झाले का गं?" मी दारातूनच विचारलं.

"आई, चार वाजता पाणीखात्याची बैठक आहे. कुठल्या गल्लीत दूषित पाण्याच्या तापाचे किती रोगी, ते या खांबांवरून बघणार आणि नवी पाइपलाइन कुठे टाकायची ते ठरवणार." तिचा आवाज फाटला. "आणि खाली नावंच उमटत नाहीयेत!"

अडीच वाजून गेले होते. मी चष्मा चढवला. शाळा माझी चौथीत सुटली, पण मोजता येतं. खांब बारा, नावं सहा. सगळ्यांत उंच खांब बिननावाचा.

"हा कुणाचा?"

"आपला. 'जुन्या टाकीमागची गल्ली.' नाव लांब, शेजारच्यावर चढतं. म्हणून प्रोग्राम ते परस्पर गाळतो."

"त्याच्या बापाची गल्ली आहे? अक्षरं बारीक कर."

"केली. तरी चार गायब. आणखी केली तर वाचायला मुंगी बोलवावी लागेल."

"मग उभी लाव. फळीवर ताटं आडवी मावत नाहीत तेव्हा काय करतेस?"

तिने भराभर बोटं चालवली. बाराही नावं उभी राहिली, पण खालून कापलेली. आमच्या खांबाखाली उरलं होतं 'कीमागची गल्ली'.

"खाली जागाच नाही, समास वाढवायला हवा."

"वाढव की! खांब बोटभर बुटके झाले म्हणून कुणाचं नाक कापलं जात नाही."

समास वाढला. आमचं नाव अख्खं उमटलं. मला हायसं वाटलं, आणि हिने तोंड ओंजळीत लपवलं.

"आता काय?"

तिने पिशवीतून एक कागद काढला. गेल्या महिन्याच्या बैठकीचा. तेच बारा खांब, तीच सहा नावं. आमच्या उंच खांबाच्या पायाशी शेजारची 'छापखान्याची गल्ली' ऐसपैस पसरलेली.

"आपला खांब त्यांचा समजून गेल्या खेपेची पाइपलाइन तिकडे गेली, आई. नावं गळलेली मला तेव्हाच दिसली होती. वाटलं, मागे तक्ता जोडलाय, वाचतील. चित्र तेवढंच सुटसुटीत दिसत होतं..."

महिनाभर चिमी त्याच नळाचं पाणी पीत होती.

तेवढ्यात लेकाचा फोन. ताप चढतोय, चिमी आईला हाका मारतेय.

ही ताडकन उठली. "चित्र ऑफिसला पाठवून देते आणि दवाखान्यात जाते."

मी दार अडवलं.

"चिमीजवळ मी जाते. तू बैठकीला जायचंस. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि आपल्या तोंडाने सांगायचं, की नावं गळलेली मला दिसली होती आणि मी गप्प बसले. हे सांगितल्याशिवाय पोरीच्या खाटेजवळ पाऊल टाकलंस, तर मी तुला तिथून उठवीन, सूनबाई."