पुकारलेलं वजन

वच्छलाबाईच्या बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगवटा आला होता, आणि त्या फुगवट्यापायी तिला रात्रंदिवस भ्या वाटत होतं. शिंक आली की पदराखालून हात पोटावर जाई. ठसका लागला की जाई. विहिरीतून बादली ओढणं तर तिने केव्हाच सोडलं होतं. पुलगावात आळीतल्या बाया म्हणत, वच्छलाबाई अंगाने सुटली आणि आळशी झाली. म्हणणाऱ्यांचं काय जातं! ज्याचं पोट त्यालाच ठाऊक.

दसरा झाल्यावर वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि काही लपवून ठेवलं नाही. "हे आतडं बाहेर येतंय, बाई. टाके घालून आत बसवावं लागेल. पण तुमचं वजन आहे एकशे नव्वद रत्तल. एवढ्या चरबीत टाका धरत नाही, आणि भूल दिली तर काळजावर ताण येईल. एकशे पासष्टवर या, त्या दिवशी मी कापते."

"अन् त्याच्या आंधी काही झालं तं?" वच्छलाबाईने विचारलं.

"आतडं अडकलं आणि आत गेलं नाही, तर तसंच गाडीत घालून आणा. मग वजन बघत बसणार नाही मी. पण हमीही देणार नाही."

ते ऐकून वच्छलाबाईला आई आठवली. ती याच दुखण्याने गेली होती. तेव्हा केळझरच्या घरात वच्छला अकरा वर्षांची होती. आईचं पोट पाट्यासारखं कडक झालं, ती हिरवं ओकली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली. तेव्हा कोणाला काही कळलं नाही. बाहेरचं काहीतरी लागलं, म्हणाले. वच्छलाबाईला आता कळलं होतं, आणि कळण्यानेच तिची झोप उडाली होती.

तिचा नवरा रूपराव गावातल्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होता. कापसाच्या गाड्या लागत, गाठोडी काट्याच्या फळीवर चढत, आणि रूपराव दांडीवरचं वजन सरकवून खड्या आवाजात पुकारा करी. आधी गाडीवाल्याचं नाव, मग वजन, तेही तीनदा. त्या जिनात एकदा पुकारलेलं वजन ब्रह्मदेव आला तरी फिरत नसे. रूपरावचा पुकारा म्हणजे दगडावरची रेघ, असं आष्टीकडचे गाडीवालेसुद्धा मानत. वीस वर्षांत त्याच्या काट्याबद्दल कोणी ब्र काढला नव्हता.

माणसाचं वजन करायला गावात दुसरा काटा नव्हता. म्हणून दर बाजाराच्या दिवशी भरदुपारी, गाड्या सुटून आवार मोकळं झालं की वच्छलाबाई जिनात जाई. फळीवर चढे, डोळे मिटे. रूपराव दांडी बघे आणि तिच्या कानाशी लागून हळूच आकडा सांगे. बायकोचं वजन का चारचौघांत पुकारायचं असतं?

आणि बाई नेटाला लागली होती, हे मान्य करायलाच हवं. अर्धी ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, तीही तेलाचं नुसतं बोट लावलेली, आणि ताक. सकाळी नदीपर्यंत पायी जाणं, पायीच येणं. संक्रांतीपर्यंत ती एकशे एकोणऐंशीवर आली. अकरा रत्तल उतरवले बाईने!

मग केळझरला भावाकडे जाणं झालं. पुनाजीला नवसाने मुलगा झाला होता, म्हणून माघात त्याने गणपतीच्या देवळापाशी रोडग्यांचा स्वयंपाक घातला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तुपाची धार आणि वांग्याची तर्रीदार भाजी. पहिल्या पंगतीला वच्छलाबाईने एकच घेतला. "माह्या नवसाच्या ताटावरून एकावरच उठतं का कोणी, बाई?" पुनाजी म्हणाला, आणि दुसरा वाढला. तिसरा तिने स्वतः मागून घेतला. चार दिवसांसाठी गेलेली बाई बारा दिवस राहिली. परत आली तेव्हा लुगडं नेसताना निऱ्या कमी पडत होत्या.

तिने जिनात जाणं बंद केलं. नदीवर जाणंही बंद. आता भाकरीवर लोणी येऊ लागलं, दुपारच्याला गूळ-शेंगदाणे. रूपराव काही बोलला की ती उसळून म्हणे, "कायले अडवून राह्यले मले? मायच्याच वाटेनं जायचं असन तं उपाशी काऊन जाऊ?" आणि मग पदर तोंडात कोंबून रडे. भ्याने माणूस खातं, हे ज्याने पाहिलं नाही त्याला पटायचं नाही.

तीन आठवडे रूपरावने वाट पाहिली. चौथ्या बाजारी तो स्वतः घरी येऊन तिला घेऊन गेला. फळीवर चढून तिने डोळे मिटले.

"पंच्याऐंशीच्या वरतं असन तं सांगूच नका. मग मले काहीच करायचं नाई," ती म्हणाली.

रूपराव दांडीकडे बराच वेळ बघत राहिला. मग तिच्या कानाशी आला. "त्र्याऐंशी."

"खरं?"

"त्र्याऐंशीच. चारच तं वाढले. चार म्हणजे काय, दोन हप्त्याचं काम."

वच्छलाबाईला एकदम धीर आला. वाटलं, आपण समजत होतो तेवढं काही बुडालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नदीवर निघाली. पुन्हा अर्धी भाकर, पुन्हा आंबाडी. पुढच्या बाजारी एकशे एक्क्याऐंशी, मग एकशे ऐंशी, मग अठ्ठ्याहत्तर. चैत्र संपत आला तेव्हा रूपरावने कानात एकशे बहात्तर सांगितलं. सातच उरले होते. तिने डॉक्टरीणबाईंसाठी गावरान लिंबंसुद्धा बाजूला काढून ठेवली.

आणि त्याच आठवड्यात ते झालं.

शेजारची रामबाई कुरडया करायला आली होती. चीक शिजवून सोऱ्यात भरला, रामबाईचा हात दुखू लागला, म्हणून वच्छलाबाईने सोऱ्या घेतला. दोनदा दाबला. तिसऱ्यांदा जोर केला, आणि पोटात काहीतरी सटकन सरकलं. हात गेला तो गाठीवर. रोज बोटाने दाबली की आत जाणारी ती मऊ गाठ आज लिंबाची मोसंबी झाली होती आणि दगडासारखी कडक. दाबली तर जाईना. कळ अशी आली की डोळ्यांपुढे पिवळं झालं.

"माय व माय! रामबाई, त्याईले बोलवा. मी चालली!"

रामबाई तशीच चिकाने भरलेल्या हातांनी जिनाकडे धावली. वच्छलाबाई जमिनीवर पडली होती. आईचं पोट तिला दिसत होतं, ते हिरवं पाणी दिसत होतं. तोंडाला पाणी सुटलं, आणि ओकारी येते की काय म्हणून तिने दात आवळून धरले. जणू न ओकल्याने मरण बाहेरच थांबणार होतं.

रूपराव आला तो धापा टाकत. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं त्याने तिचे पाय भिंतीवर उंच टेकवले आणि गुडघे वाकवले. "श्वास सोड. ढिली पड. ढिली पड ना वं!" त्याचा हात गाठीवर होता. कापसाचं गाठोडं एकटा उचलणारा माणूस, तो बोटांनी हळूहळू गाठ दाबत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. पाव तास असेल, तिला तो आईच्या दोन दिवसांएवढा वाटला. मग पोटात गुडगुड झालं, आणि गाठ बोटांखालून निसटून आत गेली. रामबाई दारात बसून देवाचं नाव घेत होती, ती उठून मुकाट्याने घरी गेली.

वच्छलाबाई कुशीवर वळली. "उद्याच वर्ध्याले जाऊ. सातच तं राह्यले. बाईच्या पाया पडीन, सातासाठी नाई म्हणणार नाई त्या."

रूपराव भिंतीला टेकून बसला होता.

"जाऊ ना?"

"सात नाई," तो म्हणाला. "बारा. तवा तू अठ्ठ्याऐंशी होती. तू म्हणे, मग मले काहीच करायचं नाई. मी भेलो. पाच रत्तल खाल्ले मी. अन् मग दर खेपेले तेच पाच लपवत आलो. आज तू सत्त्याहत्तर हाय."

वच्छलाबाईला राग यायला हवा होता. पण आधी भीतीच आली, मघाच्याहून गार. ज्या आकड्याला धरून ती एवढे दिवस चालत होती, तो आकडाच हातातून गेला होता. सत्त्याहत्तर तरी खरं कशावरून? हा माणूस पुन्हा दया करत नसेल कशावरून? पोटात ते आतडं दबा धरून बसलेलं, आणि किती चालायचं बाकी आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

रूपराव जिनात परत गेल्यावर ती उठली. फडताळातला गूळ-शेंगदाण्यांचा डबा काढला, मूठ भरली. मूठ तोंडापाशी आली तेव्हा ती हमसून रडायला लागली. आईला निदान माहीत नव्हतं. आपल्याला सगळं माहीत आहे, आणि तरी ही मूठ भरली आहे! तिने शेंगदाणे परत डब्यात टाकले आणि डबा रामबाईच्या घरी नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी ती दुपार होईपर्यंत थांबली नाही. दहाच्या सुमाराला, हंगामातल्या शेवटच्या गाड्या आवारात लागल्या असताना, ती जिनात आली आणि सरळ गाडीवाल्यांच्या रांगेत उभी राहिली. पदर डोक्यावर, एक हात पोटावर. गाडीवाले एकमेकांकडे बघू लागले. मुनीम ओमप्रकाश चष्मा वर करून म्हणाला, "अरे भाभीजी, आप यहाँ?"

तिची पाळी आली तशी ती फळीवर चढली. रूपराव कावराबावरा झाला. "दुपारी ये ना," तो पुटपुटला.

"दुपारी तुमी कानात सांगता. कानातलं मले नाई पाह्यजे. पुकारा."

"अवं, लोक हायेत."

"हायेत म्हणूनच आली. कापसाच्या गाठोड्यासंगं तुमी खोटं बोलत नाई. मले तितकंच द्या." ती खाली उतरली नाही. "मले मरायचं नाई. किती राह्यलं ते मले खरं माहीत पाह्यजे."

रूपरावने दांडीवरचं वजन सरकवलं. मागे घेतलं, पुन्हा पुढे घेतलं. दांडी हलली, थांबली. त्याने तोंड उघडलं आणि तसाच राहिला. पुकारा करायचा तर आधी नाव घ्यायला हवं होतं, आणि लग्नाला बावीस वर्षं झाली तरी त्याने बायकोचं नाव चारचौघांत एकदाही घेतलं नव्हतं. कोण घेतो! 'अवं' म्हटलं की ती येई, 'घरात' म्हटलं की लोकांना कळे.

त्याने डोक्यावरची टोपी नीट केली.

"वच्छला रूपराव!" आवाज पार टिनाच्या छतापर्यंत गेला. "एकशे सत्त्याहत्तर! एकशे सत्त्याहत्तर! एकशे सत्त्याहत्तर!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. रूपरावने तिकडे नुसतं पाहिलं, आणि तो माणूस बैलांच्या पाठी खाजवायला लागला.

वच्छलाबाईचे कान तापले होते. तिने पदराखाली बोटांवर मोजलं. बारा. खरोखरीचे बारा. ती जपून फळीवरून उतरली, पोटावरचा हात न काढता.

"येत्या बाजारी बी असंच पुकारजा," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "नावासकट."

आणि ती नदीच्या वाटेला लागली.