गुडघ्यापासून खुब्यापर्यंत

ताई रागावली की मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणते. त्या दिवशी दुपारपर्यंत मी पुरती डॉक्टरीणबाई झाले होते.

तिची मुलगी लांब उडी मारते, म्हणून घरात सगळे तिला टोळ म्हणतात. टोळाचा गुडघा बरेच दिवस दुखत होता. एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडात गाठ दिसली. सर्जन तिचा तुकडा काढून तपासायला देणार होते. त्याआधी एमआरआय हवा, कारण एकदा सुई घातली की आतलं चित्र गढूळ होतं. ती चित्रं वाचणं हे माझं काम. मावशीनं भाचीची वाचू नयेत म्हणतात. म्हणोत बापडे, मला दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता.

टोळ एमआरआयच्या बोगद्यातून बाहेर आली, ताईनं तिच्यापुढे चपला सरकवल्या, आणि मी पडद्यावर पाहिलं तर नुसता गुडघा! आमच्याकडे सवयच तशी. पेशंट बोट ठेवेल तेवढंच चित्र. पण हाडाच्या काही गाठींना त्याच हाडात लांबवर एखादं पिल्लू ठेवायची खोड असते, आणि ते पिल्लू दुखत नाही.

“परत आत घ्या,” मी टेक्निशियनला म्हटलं. “गुडघ्यापासून खुब्यापर्यंत. अख्खं हाड.”

त्यानं बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मुकाट्यानं कामाला लागला.

ताई मात्र भडकली. “दुखतोय गुडघा आणि तू मांडी कसली बघतेस? नसती उठाठेव! आहे ते एक पुरे नाही का?”

“नसेल तर नाही दिसणार.”

“आणि असलं तर?”

“असलं तर आपण डोळे मिटल्यानं जाणार आहे का ते?”

“तुम्ही भांडा,” टोळ म्हणाली. “मी आत जाऊन पडते. तिथं नुसतीच ठोकाठोकी असते.”

यंत्र पुन्हा ठाकठाक करू लागलं. ताई माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. मी मूर्ख ठरू दे, एवढंच मी मनात म्हणत होते.

ठरले नाही. गाठीच्या चार बोटं वर, मधलं चांगलं हाड सोडून, वाटाण्याएवढा काळा डाग होता.

मी काही बोलायच्या आत ताईला कळलं. “पाय गेला ना?”

“हे आत ठेवून शिवलं असतं तर गेला असता. आता आधी औषधं देतील, मग या डागाच्याही वरून हाड काढून धातूचं बसवतील. त्याच्या वर चांगलं हाड उरलं असेल तर पाय वाचतो.”

“आणि उडी?”

“उडी नाही, ताई.”

ती पडद्याकडे वाकली. म्हणाली, “चांगलं कुठलं ते दाखव.”

“पांढरं ते चांगलं.”

तिनं डागाच्या वर बोट टेकवलं. “हे?”

“चांगलं.”

“हे?”

“चांगलं.”

बोट पडद्यावरून वर वर सरकत गेलं आणि खुब्याजवळ थांबलं. तिथे पांढऱ्यात करडं मिसळलेलं होतं. तिचा आवाज एवढासा झाला. “आणि हे गं?”

“तेही चांगलं. तिथं रक्त तयार होतं. या वयात तसंच दिसतं,” मी म्हटलं. “वाढतेय अजून ती.”

ताईनं बोट तिथून उचललंच नाही. तशीच उभ्याउभ्या रडायला लागली.

“झालं का गं भांडण?” आतून टोळ ओरडली.

मी माइकचं बटण दाबलं. “झालं. ये बाहेर.”