झाडाची खीर

मी लिहिलेल्या नाटकात हेमराजला सिद्धार्थ करायचं मीच ठरवलं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. नाचणगावात त्याच्यासारखा आवाज कुणाला नाही. किराणा दुकानात बसून तो साखरेचा भाव सांगतो, तोही ऐकत राहावासा वाटतो. अडचण एकच, त्याचं पोट. पहिल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहाराच्या अंगणात आमचं नाटक झालं. सहा वर्षांच्या तपाने झिजलेला सिद्धार्थ म्हणून हा पिंपळाच्या पारावर येऊन बसला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "याले उपास मानवला बा." सगळं अंगण हसलं. पुढचा सारनाथचा उपदेश कुणी ऐकलाच नाही. जिथून धम्म सुरू झाला तोच प्रवेश वाया गेला आणि मी पडद्यामागे दातओठ खात उभी राहिले.

"यंदा कोणी हसणार नाई, मॅडम," पुढच्या वर्षी हेमराज म्हणाला. मला वाटलं, तालमी मन लावून करेल. गड्याने जेवणच सोडलं. सकाळी कोरा चहा, संध्याकाळी काकडी. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली. त्याची आई प्रमिलाबाई ताट घेऊन दुकानात यायची आणि तसंच परत न्यायची. मी तर त्याला चारचौघांत झापलं. काही उपयोग झाला नाही.

यात तेल ओतलं किसनरावांनी. किसनराव आमचे कौंडिण्य, सिद्धार्थाच्या पाच तपस्वी सोबत्यांतले थोरले. सिद्धार्थाने उपास सोडून सुजाताने दिलेली खीर खाल्ली तेव्हा 'हा बिघडला' म्हणून हे पाचही जण त्याला सोडून गेले. पुढे सारनाथला तो समोरून येताना दिसला, तेव्हा याच्यासाठी उठायचं नाही असं त्यांनी ठरवलं, तरी उठलेच. तालमीत चौघे उठायचे. किसनराव मांडी घालून बसलेले. मोठे कास्तकार, माजी सरपंच. कुणासाठी खाटेवरून उठल्याचं गावाने पाहिलेलं नाही.

"मले उठावंसं वाटलं पाह्यजे ना मॅडम," ते म्हणाले. "दुकानदाराच्या पोरासाठी काऊन उठू?"

हेमराजने ते ऐकलं. "किसनभाऊले उठवून दाखवतो," एवढंच बोलला आणि त्या दिवसापासून काकडीही बंद केली. गाव हसू नये आणि किसनराव उठावेत, एवढंच त्याला हवं होतं. त्यापायी तो जीव जाळत होता.

पौर्णिमेच्या संध्याकाळी अंगण भरलं. विहाराकडचे होतेच, देवळाकडचेही आले. महाल झाला, गृहत्याग झाला. मग पारावर हाडांचा सिद्धार्थ येऊन बसला. कुणी हसलं नाही. पुढच्या बाया "अवं माय" म्हणाल्या. मी खूश झाले, पण ते फार टिकलं नाही. हेमराजने तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. पहिल्या रांगेलाही ऐकू जाईना. मी पडद्याआडून वाक्य सांगितलं, त्याला तेही पकडता आलं नाही. सारनाथ राहिलं दूर, हा इथेच कोसळणार होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर ओढला. हातात स्टीलचा डबा घेऊन प्रमिलाबाई उभ्या.

"ज्योत्स्नाताई, पिंपळाले खीर ठेवाची हाय. नवस बोलली मी. पोरगा जेवू दे म्हटलं. गर्दीनं पुढं जाऊच देल्लं नाई."

"द्या इकडे," मी डबा धरला.

"ते झाडाची हाय बाई, त्याची नाई."

"सुजाताही झाडाचीच घेऊन आली होती," मी म्हणाले. "झाडाखाली हा बसलेला दिसला, तिला वाटलं देवच आहे. तुम्हाला कोण दिसतं?"

त्यांनी पडद्याच्या फटीतून लेकाकडे पाहिलं आणि डबा सोडला.

तालमीत सुजाता, म्हणजे रक्षा, रिकामी वाटी द्यायची आणि हेमराज रिकामा घास तोंडाला लावायचा. आज मी तिच्या वाटीत डब्यातली खीर ओतली. हेमराजने वाटी घेतली आणि दचकला. वाटी कोमट होती. त्याने आत पाहिलं, मग बाजूला बसलेल्या किसनरावांकडे पाहिलं. खाल्लं तर हरलो, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"माझ्या मनातलं पूर्ण झालं," रक्षाने आपलं वाक्य म्हटलं, "तसं तुमचंही होवो."

हेमराज जेवला. नाटकातलं नाही, खरं जेवला. बोटं चाटून वाटी साफ केली. अंगण थांबून पाहत होतं. रक्षाने न लिहिलेलं विचारलं, "आणखी देऊ?" त्याने मान डोलावली आणि लोक हसले, मात्र या हसण्यात माया होती. "बिघडला हा," म्हणत किसनराव चौघांना घेऊन निघून गेले. तेवढं वाक्य त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

बोधीचा प्रवेश झाला आणि सारनाथ आलं. हेमराज चालत आला तसे चौघे उठले. किसनराव बसलेले. हेमराज त्यांच्यासमोर बसला आणि बोलू लागला. आवाज परत आला होता, पार रस्त्यापर्यंत जाणारा. सुरुवातीचे शब्द माझे नव्हते.

"महालात पोट भरून राहिलो, तिथं नाही सापडलं. उपाशी बसलो, तिथंही नाही. उपाशी माणसाला भुकेशिवाय काही सुचत नाही, आणि मी तर दुसऱ्याला हरवायला उपाशी होतो. दोन्ही टोकं सोडा. वाट मधून जाते." मग तो माझ्या संहितेवर आला. दुःख आहे. त्याला कारण आहे. त्याचा शेवट आहे. तिथवर नेणारा मार्ग आहे.

किसनराव गुडघ्यावर हात टेकून उठले. पुरते उठले, हात जोडले.

संहितेत हेमराजचं पुढचं वाक्य होतं, "कौंडिण्याला कळलं." इतके दिवस बसलेल्या माणसाला म्हटलेलं ते वाक्य त्याने आज मान वर करून म्हटलं. 'साधु, साधु, साधु' म्हणत अख्खं अंगण उभं राहिलं.

मी रिकामा डबा प्रमिलाबाईंच्या हातात दिला. "झाडाला काही उरली नाही."

"पोचली," त्या म्हणाल्या आणि लेकाकडे पाहून हात जोडले.