गारव्यात हरवलेली लाट

मित्रांनो, मी एक जुना फोटोडायोड आहे. तिळाहून लहान. अंगावर उजेड पडला की मी त्याची वीज करतो. पुण्यात दहा वर्षं नोकरी केली. मग तिथे नवा डायोड आला आणि मला स्पंजच्या डबीत घालून परभणीच्या एका कॉलेजात धाडलं.

माझं काम ऐकून तुम्ही गोंधळाल. मीही गोंधळलेलाच असतो. केसाएवढ्या काचतंतूतून दोन लेसरचे उजेड एकदम माझ्यावर येतात. दोघांच्या रंगात अगदी थोडा फरक. त्यामुळे मिळून आलेला उजेड सेकंदाला पाऊण लाख कोटी वेळा वाढतो नि कमी होतो! तेवढ्याच घाईने माझी वीज हलते आणि तिच्यातून टेराहर्ट्झ लाट निघते. निघते म्हणे. मला ती कधीच दिसलेली नाही. समोर दोन हातांवर रिसीव्हर बसतो. लाट त्याला मिळाली की पडद्यावरची रेघ वर चढते. आपण काय केलं हे दुसऱ्याने सांगायचं, असा माझा संसार.

इथे मला नीलमताईने जवळ केलं. ती वालूरची, कापसावर संशोधन करणारी. ही लाट पाण्यात अडते. म्हणून कापसाचं पान न तोडता मध्ये धरायचं. लाट जितकी अडेल तितकं पानात पाणी. "म्हातारं हाय, पण लय तेज हाय," असं ती सगळ्यांना सांगायची. मी मनात फुगायचो.

मे महिन्यात या कामाची पाहणी करायला समिती येणार असं ठरलं. लाट दाखवली तर ताईचं काम पुढे चालणार, नाहीतर विषय बंद. आदल्या दुपारी प्रयोगशाळेचे शिपाई सितारामकाका म्हणाले, "ताई, मशीन तापायलंय. कूलर वळवू का तिकडं?"

"वळवा काका. मला घाम आला तर येऊ द्या."

काकांनी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं. वाळ्याचा गार वारा माझ्यावर आला आणि रेघ खाली बसली. उजेड येत होता, वीज वाहत होती. मग लाट जात होती कुठे? मला काही कळेना. माझी अवस्था पाहून काकांनी मायेने आणखी एक बादली ओतली. रेघ पार झोपली.

"संपला हो म्हातारा," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले. मला काढायला तिने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, आणि लाइट गेली. आमची यंत्रं इन्व्हर्टरवर चालू राहिली, कूलर तेवढा थांबला. जीव घुसमटला म्हणून काकांनी खिडक्या उघडल्या. कोरडी, चटका देणारी झळ आत शिरली.

रेघ हळूहळू उठून बसली.

ताईने कपाळावर हात मारला. "काका, पानातलं पाणी शोधता शोधता मी हवेतलं विसरले! आपण हवेलाच पाणी पाजायलोत!"

"म्या तर त्याच्या भल्यासाठीच..." काका ओशाळले.

दुसऱ्या दिवशी समितीचे चौघे जण कूलरविना घामाने निथळत बसले. रेघ मात्र ताठ. कापसाचं पान मध्ये धरलं तशी ती खाली आली, काढलं तशी वर गेली. काम पुढे चालू ठेवा, असं त्यांनी रुमालाने मान पुसत सांगितलं.

मित्रांनो, आम्हाला जपा. पण जपण्याआधी आम्हाला काय सोसतं तेही बघा. आम्हाला तोंड नाही, म्हणून संपला म्हणण्याआधी जरा थांबा. माझी लाट मी अजून पाहिलेली नाही. त्या दिवशी नीलमताई हसली, तेव्हा वाटलं, पोचली असावी.